बारावा मजला, पुढच्या खेपेला

आमच्या ऑफिसात खेळ प्रकाशित होत नसे, खेळाची खेप निघायची. हा शब्द बहुधा तळमजल्यावरच्या गोदामवाल्याने आणला. त्याच्या लेखी साबणाच्या पेट्या काय आणि व्हिडिओ गेमच्या कॅसेटच्या पेट्या काय, ट्रकमध्ये चढल्या की ती खेप. हळूहळू साहेबांच्याही तोंडी तोच शब्द बसला. जे वेळेत झालं नाही त्याला आमच्याकडे एकच उत्तर असायचं, पुढच्या खेपेला.

त्या खेपांची वही मी ठेवायचो. खेळ तपासायचा, चूक सापडली की वहीत उतरवायची आणि समोर 'झाली' किंवा 'पुढच्या खेपेला' असं लिहायचं. तेवीस वर्षं हेच केलं. लिहिण्याचा माझा अनुभव एवढाच, त्यामुळे पुढे काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं. मला आमच्याकडे मजले काढणाऱ्या बाईंबद्दल लिहायचं आहे. माझ्यापेक्षा बरं लिहिणारे पुष्कळ असतील, पण ज्यांना ही गोष्ट ठाऊक होती त्यांच्यातला मी एकटाच राहिलो आहे.

त्यांना सगळे चौकटबाई म्हणत. आमच्याकडे येण्याआधी त्या गालिच्यांच्या कारखान्यात नक्षी काढायच्या. मोठा चौकटीचा कागद, एक चौकट म्हणजे एक गाठ. कारखाना बंद पडला तेव्हा आमच्या साहेबांना कुणीतरी सांगितलं की व्हिडिओ गेममधली चित्रंही चौकटीचीच असतात, मग ही बाई का नको. साहेबांनी त्यांना एक कोरा कागद दिला. बाईंनी तासाभरात त्यावर एक मांजर काढलं. साहेब म्हणाले, उद्यापासून या.

खेळ होता उड्या मारत वर चढण्याचा. त्यातल्या बुटक्या माणसाला आम्ही बुटक्याच म्हणायचो. पहिला भाग बाई यायच्या आधी निघाला होता आणि असा काही चालला की गोदामवाला दोन महिने जेवायला वेळेवर बसला नाही. साहजिकच दुसरा भाग हवा होता. त्यात बारा मजले असणार होते आणि बाराच्या बारा चौकटबाईंनी काढायचे होते.

त्यांची कामाची पद्धत मी जवळून पाहिली, कारण आमची टेबलं एकाला एक लागून होती. कागद पसरायचा, शिसपेन्सिलीने बुटक्याने उभं राहायचे कठडे काढायचे, मग उजव्या हाताची दोन बोटं बुटक्याच्या पायांसारखी कागदावर उभी करायची आणि त्याला चालवायचं. उडी आली की बोटं उचलून पुढच्या कठड्यावर टेकायची. बुटक्याची उडी पाच चौकटींची, त्यापुढे तो पडायचा. बाई चौकटी मोजत नसत. बोटं अडखळली की कठडा खोडून एक घर अलीकडे घ्यायच्या. कुणी पाहत असलं की हात मागे घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बघता काय, व्यायाम चाललाय."

एकदा मी विचारलं होतं, बाराव्या मजल्यावर काय आहे? अकरा मजले चढून झालं, आता आकाशात जाणार का बुटक्या? त्या म्हणाल्या, "अकरा मजले चढला ना बिचारा? आता खाली नको का यायला?"

मला तेव्हा ते विनोदासारखंच वाटलं आणि तिथेच माझं चुकलं. मी नीट विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पुढे सांगितलंच, पण तेव्हा उशीर झाला होता.

त्यांचे वडील धुराडी रंगवायचे. कारखान्यांची उंच धुराडी, त्यांना बाहेरून लोखंडी शिडी आणि मध्ये मध्ये उभं राहायला अरुंद कठडे. पहाटे ते कामाला जायचे तेव्हा बाई झोपलेल्या असत, त्यामुळे बापाला वर चढताना त्यांनी कधी पाहिलं नाही. संध्याकाळी मात्र घराच्या दारात उभं राहून रोज उतरताना पाहिलं. एक एक कठडा, मध्ये थांबून घाम पुसणं, पुन्हा पुढचा कठडा. बारावा मजला म्हणजे तेच धुराडं होतं. वर डाव्या कोपऱ्यात बुटक्या उभा, खाली उजव्या कोपऱ्यात घराचं दार. वाटेत एका कठड्यावर कुंडी, कारण बापाने खरोखरच एका धुराड्यावर कुंडी नेऊन ठेवली होती. खेळात सगळीकडे चढायचं, फक्त शेवटी घरी उतरून यायचं.

आणि हा मजला बापाला टीव्हीवर दाखवायचा, असं त्यांनी बापाला कबूल केलं होतं. बापाचे डोळे जात होते. ज्या दिवशी आमचा खेळ कारखान्याकडे जायचा होता, त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात बापाचा नंबर होता. बाई अकरा कागद आधीच देऊन बसल्या होत्या. बारावा त्यांनी सकाळी घाईत माझ्या टेबलावर ठेवला आणि बापाला घेऊन गेल्या.

कागद कॉम्प्युटरमध्ये भरण्याचं काम प्रोग्रामरचं. रिकाम्या चौकटीला शून्य, कठड्याला एक, दाराला सात, असे आकडे ओळीने टाकायचे. प्रोग्रामर तापाने फणफणून घरी पडला होता. साहेब म्हणाले, वहीवाले, तुम्ही रोज बघता ना, तुम्ही भरा. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. ओळ चुकू नये म्हणून मी कागदावर स्टीलची पट्टी ठेवली आणि भरलेल्या ओळीखाली बारीक रेघ मारत वरच्या ओळीपासून खाली भरत आलो. दुपारी तीनपर्यंत झालं. मी खेळून पाहिलं. बुटक्या खाली डावीकडून निघाला, कठड्याकठड्याने चढला, एका ठिकाणी अगदी टोकावरून उडी घेतली तरच पुढे जाता आलं, पण जाता आलं. वर दार सापडलं. एका कठड्याखाली एक कुंडी हवेत लटकत होती, ती मला जरा विचित्र वाटली. वाटलं, बाईंची काही गंमत असेल. वहीत लिहिलं, 'बारावा मजला, ठीक.'

गालिचा खालून वर विणतात. पहिली ओळ तळाची. बाईंचे सगळे कागद तसेच होते, ओळ एक सगळ्यात खाली. प्रोग्रामरला ते माहीत होतं, तो खालून वर भरायचा. माझ्यासारख्या नवख्यासाठी कागदाच्या कोपऱ्यात बाईंनी एक छोटा बाणही काढलेला होता. मी पट्टी ठेवली तेव्हा तो नेमका तिच्याखाली झाकला गेला, आणि पुढे माझं लक्ष फक्त ओळींवर होतं.

पहिली खेप तीन महिने उशिरा निघाली. पेट्या आल्या तेव्हा ऑफिसात टीव्हीभोवती सगळे जमले आणि चौकटबाईंच्या हातात कंट्रोलर दिला. अकरा मजले त्या सराईतपणे चढल्या. बारावा सुरू झाला तेव्हा बुटक्या तळाशी उभा होता. त्यांनी बटण दाबलं नाही.  मग कंट्रोलर खाली ठेवला.

साहेबांनी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, मजला उलटा आलाय. ते काम आपणच मला सांगितलं होतं हे साहेब एव्हाना विसरले होते, त्यांनी विचारलं, कुणी केलं हे? प्रोग्रामर तोवर बरा होऊन परतला होता, तो माझ्याकडे पाहत होता. मी वहीकडे पाहत होतो.

बाई म्हणाल्या, "माझा कागद नीट नव्हता."

साहेब म्हणाले, असू दे, चिपा बनून गेल्या आहेत, आता काही हलवता येत नाही, पुढच्या खेपेला सरळ करू. मी वहीत तसं लिहिलं.

खेळांच्या मासिकात परीक्षण आलं. अकरा मजल्यांचं कौतुक आणि बाराव्याबद्दल असं की तो ज्याने केला त्याला काळीज नसावं. साहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, चला, कुणाच्या तरी लक्षात तरी राहिला. सगळे हसले. मीही हसलो, अजून आठवतं.

ती कॅसेट त्यांनी घरी नेली नाही. बापाला सांगितलं, खेप लांबली.

दुसरी खेप परदेशासाठी होती, आठ महिन्यांनी. मी स्वतः बारावा मजला पुन्हा भरला, या वेळी खालून वर. एक चाचणीची कॅसेट तयार झाली आणि माझ्या कपाटात कुलूपबंद झाली. चाचणीची कॅसेट ऑफिसाबाहेर न्यायची नाही असा नियम होता आणि किल्ली माझ्याकडे होती. बाईंनी ऑफिसातच सरळ मजला खेळून पाहिला. बुटक्याला एक एक कठडा उतरवत दारापाशी आणलं आणि दारात नुसतंच उभं केलं, आत नेलं नाही.

मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "एक दिवस घरी नेऊ का? बाबांना अजून थोडं दिसतं. डॉक्टर म्हणतात, महिना दीड महिना."

बापाला ऑफिसात आणायचा प्रश्नच नव्हता. आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जन्मभर धुराडी चढलेल्या माणसाच्या गुडघ्यांना आता घराची पायरी जड होती. मला हे सगळं ठाऊक होतं. किल्ली माझ्या खिशात होती. साहेब त्या दिवशी ऑफिसात नव्हते. कुणाला कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी काय झालं असतं? दोन शब्द ऐकून घ्यावे लागले असते.

मी म्हणालो, "तीन आठवड्यांत पेट्याच येतील की. पेटीतूनच दाखवा, त्यांनाही बरं वाटेल."

त्या म्हणाल्या, हो, तेही खरंच.

पेट्या आल्या. परदेशातल्या शाखेला खेळ फार अवघड वाटला होता. मासिकातलं ते परीक्षण कुणीतरी त्यांना धाडलं होतं. त्यांनी न पाहताच बारावा मजला काढून टाकला होता. अकराव्यावरच खेळ संपायचा, फुलबाज्या उडायच्या आणि बुटक्या वरच हात हलवत उभा राहायचा. चौकटबाईंनी पेटी बंद केली आणि टेबलाच्या खणात टाकली. तोवर चाचणीची कॅसेट नियमाप्रमाणे पुसून झाली होती. नियमाप्रमाणे ती मीच पुसली होती.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो होतो. दोन खोल्या, खिडकीत एक कुंडी, कोपऱ्यात टीव्ही आणि त्याच्यावर ऑफिसने दिलेलं खेळाचं यंत्र. वडील खुर्चीत बसले होते. आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "निघाली का हो खेप?"

बाई आतून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात, बाबा."

म्हातारा मला म्हणाला, "पुढच्या महिन्यात निघते असं वर्षभर ऐकतोय. हिचा साहेब आमच्या मुकादमाच्या वरताण दिसतो." आणि खो खो हसला. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते भिंतीकडे पाहत होते.

तिसरी खेप निघायला सहा वर्षं गेली. हातात धरून खेळायची छोटी यंत्रं आली होती, त्यांच्यासाठी. वडील तोपर्यंत गेले होते. तरी बाई कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने कागद पाहिला, परत त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "बाई, आता लोकांनी ती चूक पाठ केली आहे. बारावा मजला पार केला म्हणून पोरं कॉलर ताठ करून हिंडतात. सरळ केला तर म्हणतील, सोपा केला."

बाई बाहेर आल्या, मला म्हणाल्या, लिहा वहीत. मी विचारलं, काय लिहू? त्या म्हणाल्या, नेहमीचंच. मी लिहिलं, 'पुढच्या खेपेला.'

मग कंपनी विकली गेली, बाई निवृत्त झाल्या, दोन वर्षांनी मीही. जाताना ती वही मागितली. नव्या मालकांच्या माणसाने ती दोन बोटांत धरून पाहिली आणि खुशाल न्या म्हणाला.

खेळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा चौथी खेप निघाली, मोठ्या खोक्यात, दोन्ही भाग एकत्र, बरोबर चित्रांचं पुस्तक. त्या पुस्तकासाठी एक तरुण बाई रेकॉर्डर घेऊन चौकटबाईंकडे गेली. लोकांनी बाराव्या मजल्यावर लेखांवर लेख लिहिले आहेत म्हणे. हवेत लटकणाऱ्या कुंडीचा अर्थ काय, यावर तर दोन गट आहेत. एक म्हणतो ती आशा, दुसरा म्हणतो मृत्यू. तिने बाईंना थेट विचारलं, कुंडी कशाचं प्रतीक आहे?

बाई म्हणाल्या, "कुंडी आहे ती. पाणी घालायचं राहिलं."

ते पुस्तकात जसंच्या तसं छापलं आणि खाली लिहिलं की या कठोर कलावतीने अखेरपर्यंत आपलं गुपित उघड केलं नाही.

ते वाचलं आणि मला घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. त्याच दोन खोल्या होत्या. वडिलांच्या खुर्चीत आता त्या बसत होत्या. थकल्या होत्या, दम लागत होता, पण मला पाहून म्हणाल्या, या वहीवाले, तपासायला आलात का?

चहा झाला, हवापाण्याचं झालं. उठायची वेळ आली तेव्हा मी उभ्याउभ्याच म्हणालो, "तो कागद मी भरला होता. मी वरून भरला."

त्या म्हणाल्या, "माहीत आहे."

मी पुन्हा बसलो.

"कधीपासून?"

"खेप आली त्याच दिवशी. घरी येऊन कागद बघितला. बाकी अकरा कागदांवर प्रोग्रामरच्या चहाचे डाग. बाराव्यावर डाग नाही, पट्टीच्या रेघा, प्रत्येक ओळीखाली एक. एवढं नीटनेटकं काम ऑफिसात दुसरं कोण करत होतं?"

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या,

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. पहिल्यांदा वाटलं उद्या सांगाल. मग वाटलं पुढच्या आठवड्यात. मग सवय झाली."

मी म्हणालो, तुम्ही रागावाल म्हणून भ्यालो. खरं म्हणजे साहेबांना भ्यालो होतो, पण तेही धड बोलता आलं नाही.

"रागावलेच असते. दोन दिवस," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांच्या रागाला भिऊन तुम्ही पंचवीस वर्षं काढलीत?"

मला चाचणीच्या कॅसेटचंही बोलायचं होतं. त्यांनीच ते काढलं. म्हणाल्या, ते मात्र दोन दिवसांचं नव्हतं.  मी क्षमा मागितली नाही, कशाच्या तोंडाने मागणार होतो.

मग त्यांनी उठून कपाटातून तो कागद काढला. घडीवर पिवळा पडला होता. म्हणाल्या, बाबांना दिसेनासं झालं त्यानंतर एका रविवारी हा त्यांच्या मांडीवर पसरला, त्यांची दोन बोटं धरली आणि वरून खाली उतरवत आणलं. प्रत्येक कठड्यावर ते थांबायचे. मध्येच म्हणाले, इथे कुंडी असणार. तिथे खरंच कुंडी होती. दारापाशी पोचल्यावर त्यांनी बोटं उचललीच नाहीत. म्हणाले, टीव्हीवर असंच दिसतं ना गं? बाईंनी हो म्हणून सांगितलं.

कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मी म्हणालो, पुढच्या खेपेला मी स्वतः जाऊन सांगेन. त्या हसल्या आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या.

मी गेलोही. नव्या कंपनीच्या स्वागतकक्षातल्या मुलीने कागदाचा फोटो काढून घेतला, नाव-पत्ता लिहून घेतला आणि वरच्यांना कळवते म्हणाली. वाईट वागली नाही. तिथून काही आलं नाही. चार महिन्यांनी चौकटबाई गेल्या. आम्ही सातजण होतो. गोदामवाला काठी टेकत आला होता.

पाचवी खेप यंदा निघाली. आता पेटी नाही, ट्रक नाही, गोदाम नाही, खेप फोनमध्येच उतरते. माझ्या लेकीने ती माझ्या फोनवर घेऊन दिली. जाहिरातीत लिहिलं आहे की मूळ खेळ जसाच्या तसा. मला अकरा मजले चढता येत नाहीत, बोटं ऐकत नाहीत. लेकीने आठ दिवस खपून मला बाराव्यापर्यंत आणून दिलं. बुटक्या तळाशी उभा होता. कुंडी हवेत होती.

मी फोन उलटा धरला, म्हटलं एकदा तरी सरळ पाहू. चित्र लगेच गर्रकन फिरलं आणि पुन्हा होतं तसंच झालं. मी परत फिरवला, ते परत फिरलं. लेक म्हणाली, बाबा, ते आपोआप सरळ होतं. मी म्हणालो, तेच तर नको आहे.

तिने कुठेतरी दाबून ते फिरणं बंद केलं. मग फोन उलटा धरला. दार खाली आलं, कठडे खाली उतरत गेले, कागदावर होते तसे, नुसतं डाव्याचं उजवं झालं होतं. फक्त बुटक्या खाली डोकं वर पाय झाला होता आणि कठड्यांना पायांनी लटकून चालत होता. लेकीने त्याला त्या अवघड उडीवरून नेलं, तीनदा पडला, चौथ्यांदा गेला. तसाच उलटा लटकत तो एक एक कठडा उतरत दारात पोचला. लेक हसत म्हणाली, हा काय प्रकार, बाबा?

मी तिला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत घरातही कधी बोललो नव्हतो.

संध्याकाळी वही काढली. शेवटची पानं कोरी होती. बाराव्या मजल्यासमोर दोन वेळा 'पुढच्या खेपेला' लिहिलेलं आहे, ते खोडलं नाही, वहीत खाडाखोड करायची मला सवय नाही. खाली लिहिलं, 'बारावा मजला मी उलटा भरला. त्यांचा कागद बरोबर होता.' सही केली आणि त्या दिवशीची तारीख घातली.